तांबडा खडा १

ठाण्यातल्या गोखले रोडवरच्या त्या दागिन्यांच्या दुकानात एसी इतका कडक होता की लेकीनं ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळली. काउंटरवर एक लॅमिनेट केलेला तक्ता होता. बारा महिने, बारा खडे आणि प्रत्येक खड्याखाली दोन-दोन गुण. जुलै, माणिक, 'आत्मविश्वास व नेतृत्व'. लेक वाचून म्हणाली, "आई, हे नोकरीच्या जाहिरातीसारखं वाटतंय."

१० जुलैला ती अठरा वर्षांची होणार होती. पार्टी नको, नवा फोन नको, मला माझ्या महिन्याच्या खड्याची एक अंगठी हवी, असं तिनं सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. सोनं आहे, घरात राहील, असा माझा मध्यमवर्गीय हिशेब. काउंटरवरच्या मुलीनं मखमलीच्या ट्रेमधून एक नाजूक अंगठी काढली. अठरा कॅरटचं सोनं, मध्ये गुलाबीकडे झुकणारा लाल खडा, किंमत साडेअठरा हजार. बरोबर लॅबचं प्लॅस्टिकचं कार्ड. मी चष्मा डोक्यावर सरकवून ते कार्ड नाकाशी धरलं, कारण एवढ्या मोठ्या खड्याची एवढी कमी किंमत मला पटेना. सगळ्यात खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत शेरा होता: भेगांमध्ये शिशाची काच भरलेली आहे.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"ते सगळ्यांतच असतं मॅडम. नॅचरलच आहे."

सगळ्यांत नसतं. तापवलेले माणिक बाजारात सर्रास असतात आणि ते चालतातही. तापवण्यानं रंग खुलतो आणि तो कायम टिकतो. पण हलक्या प्रतीच्या, तडे गेलेल्या माणकाच्या भेगांत काच ओतून त्याला 'स्वच्छ' करणं हा निराळा प्रकार. असा खडा अंगठीत असताना सोनारानं सांधण्यासाठी तापवून डाग दिला की बिघडतो. इतकंच काय, लिंबाच्या रसानंसुद्धा ती काच खरवडली जाते. म्हणजे रविवारी पोह्यांवर लिंबू पिळायचं तर अंगठी काढून ठेवायची. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण त्या शेऱ्याचे अक्षर एवढे बारीक का, हा प्रश्न पुरेसा होता. आम्ही उठलो.

रिक्षात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास मिळाला. तेवढ्या वेळात लेकीनं फोनवर त्या तक्त्याचं मूळ शोधायला घेतलं, आणि पुढचे चार दिवस ते वेड मलाही लागलं.

गोष्ट सुरू होते ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात. अहरोन हा त्यांचा मुख्य पुरोहित. त्याच्या छातीवरच्या पट्ट्यात बारा रत्नं जडवलेली होती, इस्राएलच्या बारा वंशांची बारा. त्यात महिन्यांचा काही संबंध नव्हता. पहिल्या शतकात जोसीफस नावाच्या इतिहासकारानं त्या बारा खड्यांची सांगड वर्षाच्या बारा महिन्यांशी आणि बारा राशींशी घातली. पुढे संत जेरोमनं तोच धागा उचलला. पण तेव्हाही 'माझा महिना, माझा खडा' असं नव्हतं. बाराही खडे जवळ ठेवायचे आणि महिना बदलला की खडा बदलायचा, अशी रीत होती. आपल्याला जन्मभर एकच, जन्ममहिन्याचा खडा वापरायची पद्धत बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकात पोलंडकडे रुळली असं रत्नशास्त्री जॉर्ज कुंझ यांनी लिहून ठेवलं आहे.

आणि तो काउंटरवरचा तक्ता? तो १९१२ सालचा. अमेरिकेतल्या सराफांच्या राष्ट्रीय संघटनेची कॅन्ससला बैठक भरली. निरनिराळ्या याद्यांनी गिऱ्हाइकाचा आणि धंद्याचा गोंधळ होत होता, म्हणून त्यांनी एक यादी पक्की केली. १९५२ साली तिच्यात दुरुस्त्या झाल्या. जूनला मोत्याबरोबर अलेक्झांड्राइट आला, नोव्हेंबरला टोपाझच्या जोडीला सिट्रीन, डिसेंबरमधून लापीस गेला आणि झिरकॉन आला. २००२ साली डिसेंबरला टांझानाइट मिळाला. हा खडा मुळात सापडलाच १९६७ साली, टांझानियात. म्हणजे माझ्या थोरल्या भावाहून धाकटा खडा आणि म्हणे 'प्राचीन परंपरा'. २०१६ साली ऑगस्टला स्पिनेल जोडला.

लेक खिदळत म्हणाली, "म्हणजे व्यापारी संघाचा ठराव आहे हा!"

होता तसाच. पण मला तो तक्ता वाचायला आवडू लागला होता हेही खरं. फेब्रुवारीचा अमेथिस्ट, म्हणजे आपला जांभळा कटेला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न झिंगलेला'. तो जवळ असला की दारू चढत नाही अशी समजूत. येऊरला प्यायला जाणाऱ्या पोरांना फाट्यावरच एकेक वाटायला हवा. जानेवारीचा गार्नेट म्हणजे तामडा. त्याचं इंग्रजी नाव डाळिंबाच्या दाण्यावरून पडलं आणि आपला गोमेद हाही त्याच घराण्यातला. नोव्हेंबरला मात्र त्या दुकानाच्या तक्त्यात एक गफलत होती. मूळ यादीतला टोपाझ त्यांनी मराठीत 'पुष्कराज' केला होता. आता कुठल्याही सराफाकडे पुष्कराज मागा, तो पिवळा नीलम दाखवेल. खनिज वेगळं, कठीणपणा वेगळा, किंमत तर फारच वेगळी. नोव्हेंबरातला कुणी तक्ता बघून गुरूचं रत्न घ्यायला गेला तर त्याचं काय होईल देव जाणे.

गुरूवरून आत्या आठवली. म्हणजे आठवावीच लागली, कारण तिचा फोन आला. आमच्या घरात कुणी काही सोन्याचं घ्यायचं ठरवलं की डोंबिवलीत आत्याला आधी कळतं.

"माणिक? तिला? पत्रिका बघितलीस का तिची?"

लेकीचा जन्म ठाण्यातलाच, दुपारी सव्वा वाजताचा. तूळ लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास तूळ. आत्याचं म्हणणं असं: माणिक हे रवीचं रत्न. तूळ लग्नाला रवी लाभेश, म्हणजे अकराव्या स्थानाचा स्वामी, आणि तूळेसारख्या चर लग्नाला लाभेशच बाधक. तेव्हा माणिक अजिबात चालायचं नाही. लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, शुक्र. त्याचा हिरा घाल. हिरा झेपत नसेल तर ओपल, सव्वापाच रती, चांदीत, शुक्रवारी.

आपल्याकडच्या पद्धतीत महिना हा प्रश्नच नाही, हे मला तेव्हा नीट उमजलं. आपली रत्नं ग्रहांची. रवीचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, असं करत राहू-केतूच्या गोमेद आणि लसण्यापर्यंत. नऊ ग्रह, नऊ रत्नं. त्यामुळे बारा महिन्यांशी त्यांचा मेळ बसतच नाही. एकाच पोरीला एका यादीनं माणिक घाल म्हणावं आणि दुसरीनं ते हातात धरू नको म्हणावं, यात आश्चर्य काही नाही. त्या दोन याद्यांची कधी भेटच झालेली नाही.

त्या 'सव्वापाच रती'चाही मी पिच्छा पुरवला. जुन्या हिशेबात रती म्हणजे गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. खड्यांच्या बाजारात मात्र 'पक्की' रती चालते, ती साधारण १८२ मिलिग्रॅमची. एका हिशेबानं सव्वापाच रती म्हणजे ३.२ कॅरट, दुसऱ्यानं पावणेपाचच्या वर. मी आत्याला विचारलं, शुक्राला कोणती रती लागते? ती म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच आहेस."

ओपल लेकीनं स्वतःच उडवून लावला. ती व्हॉलीबॉल खेळते, आणि ओपल काचेइतपतच कठीण.

या सगळ्या गोंधळात मी माझ्या आईला एक दिवस फोनवर हे सांगितलं आणि ती शांतपणे म्हणाली, "अगं, माणिक आहे की घरात. आजीची अंगठी."

नौपाड्यातल्या आईच्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे, पूर्वी बिस्किटांचा असलेला. त्यात आजीची ती अंगठी कापसात गुंडाळलेली होती. १९५१ साली लग्नात आजोबांनी आजीला घातलेली. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो होतो: बर्माचं माणिक आहे, हात लावू नका. मी ती हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. कडं खालून झिजून पातीसारखं झालेलं. कोंदण मागून पूर्ण बंद. खडा लांबट, गडद, कडेला थोडासा खरचटलेला. आजी ती काढत नसे. कणीक मळताना तेवढी करंगळीकडे वळवून घेई.

जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक छोटी पेढी आहे. माझं मंगळसूत्र तिथलंच. पेढीवरच्या काकांनी अंगठी डोळ्याशी धरली, आयग्लास लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खणातून निळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली, काउंटरखालच्या अंधारात अंगठी धरली आणि लेकीला म्हणाले, "इकडं ये, वाक."

आम्ही दोघी वाकलो. खडा पेटला होता. चुलीतला निखारा फुंकर घातल्यावर जसा आतून लाल होतो, तसा.

"बर्माचा माल असा चमकतो," काका म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला. आईला लगेच फोन करायला मी पर्समध्ये हात घातला तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण मी लिहून देणार नाही हां. आणखीही एक माल असाच चमकतो. लॅबला दाखवा."

खडा सुटा असला की तपासणी नीट होते, म्हणून तिथंच काढून घ्यायचं ठरलं. पेढीच्या पोटमाळ्यावर त्यांचा कारागीर बसतो, मेदिनीपूरचा. त्यानं अंगठी लाकडी शिकंज्यात पकडली आणि एका टोकदार हत्यारानं कोंदणाची कड इतक्या हळू उचलली की मला वाटलं तो नुसताच बघत बसलाय. दहा मिनिटांनी खडा टपकन तळहातावर. खाली पातळ पत्र्याचा एक तुकडा होता, कधीकाळी लाल रंगवलेला, आता कडांना काळा पडलेला. "पहले ऐसा ही लगाते थे," तो म्हणाला. आपल्या कोंदणात खड्यामागे चकाकता पत्रा देत, त्यानं रंग गडद दिसतो. पत्रा निघाल्यावर खडा एकदम उजळ दिसू लागला, बराच. १.९ कॅरट भरला. काकांनी पांढऱ्या कागदाची पुडी बांधली, वर वजन लिहिलं, आणि मी ती पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात, त्यालाही सेफ्टी पिन लावून ठेवली.

शनिवारी आम्ही दोघी निघालो. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं चर्नी रोड. ऑपेरा हाऊसचा हिरेबाजार बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बोर्समध्ये, म्हणजे तिथल्या हिरेबाजारात गेलाय, तरी त्या भागात अजून दर चौथ्या इमारतीत कुणीतरी खिडकीशी बसून पुडी उलगडत असतो. लॅबच्या खिडकीवर फॉर्म भरला, पैसे भरले. दोन तासांनी या म्हणाले. आम्ही चौपाटीवर जाऊन भेळ खाल्ली आणि पावसात भिजून परत आलो.

खरं तर ते नुसता रिपोर्ट हातात देतात. पण गर्दी नव्हती, आणि लेकीनं तिथल्या तरुण तपासनिसाला इतके प्रश्न विचारले की त्यानं तिला आत घेतलं. मी दारात उभी. तो सांगत होता, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा माणकाचाच येतोय, १.७६२ ते १.७७०. काच नाही, तामडा नाही, स्पिनेल नाही. "आता इथं बघ." लेक मायक्रोस्कोपवर वाकली.

"रेघा दिसतात. वाकड्या. रेकॉर्डवर असतात तशा."

तो म्हणाला, "तेच."

जमिनीत वाढलेल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात, कोनात वळतात, कारण स्फटिक सहा बाजूंनी थराथरानं वाढतो. गोलाई येते ती ज्वाळेतून. ऑग्युस्त व्हर्नॉई नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १९०२ साली ही रीत जाहीर केली. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अगदी बारीक भुकटी, रंगासाठी किंचित क्रोमियम. ती हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्वाळेतून खाली पडताना वितळते आणि खालच्या दांडीवर थेंबाथेंबानं साचून तिचा एक लांबट गोळा तयार होतो, काही तासांत. वरचा प्रत्येक थर घुमटासारखा, म्हणून पैलू पाडल्यावर आत वाकड्या रेघा राहतात. द्रव्य तेच, कठीणपणा तोच, लाल रंगाचं कारणही तेच क्रोमियम. निळ्या बॅटरीखाली निखाऱ्यासारखा चमकतो तोही त्याच क्रोमियममुळे. काकांचा 'आणखी एक माल' तो हाच.

"घड्याळात असतात ना, सतरा ज्वेल्स," तो म्हणाला, "ते हेच."

माझ्या बाबांचं एचएमटी होतं, तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं. लहानपणी मला वाटायचं आत खजिना आहे.

रिपोर्टवर लिहून आलं: सिंथेटिक रुबी, फ्लेम फ्युजन. परतीच्या गाडीत लेकीला खिडकी मिळाली. कुर्ला गेल्यावर ती एकदम म्हणाली, "आई, म्हणजे हा खडा करायची रीत १९०२ची आणि ती महिन्यांची यादी १९१२ची. ही रीत यादीपेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे." मी काही बोलले नाही, कारण मी मनात आईला सांगायची वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

आईला सांगितलं ते सरळच सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे आजोबांना फसवलं."

"तसं नाही गं आई, तेव्हा सगळीकडे..."

"ते कारकून होते. महिन्याला किती मिळत होते ठाऊक आहे? त्यांना फसवलं कुणीतरी." आणि ती उठून कपाटाकडे गेली. मला वाटलं डोळे पुसायला गेली. ती आली ती दुसरा एक डबा घेऊन. त्यात शाळेचे दाखले, रेशनकार्डं आणि रबरबँडनं बांधलेल्या जुन्या पावत्या होत्या. आजोबांनी आयुष्यात एक कागद फेकला नाही. "लिहिलेलं असणार त्यात. माणिक म्हणून लिहिलेलं असणार. मी दाखवते तुला."

पावती सापडली. घडीवर फाटलेली, आकड्याचा भाग गेलेला. पिवळ्या कागदावर शाईनं, बोरूच्या वळणाच्या देवनागरीत: आंगठी १. सोने मासे ३ गुंज १. तांबडा खडा १.

आईनं ती दोनदा वाचली. मग मला वाचायला दिली, मग चष्मा लावून पुन्हा स्वतः. सराफानं कुठंही माणिक लिहिलं नव्हतं. बर्मा तर दूरच.

"मग माणिक कुणी म्हटलं?" लेकीनं विचारलं.

आई बराच वेळ पावतीकडे बघत राहिली. "आजीच म्हणायची," ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, हसायला लागली. "तिच्या जावेकडे पाचूची होती."

अंगठीचं काय करायचं हा निर्णय लेकीचा. खरं माणिक घेऊ, बारीक का होईना, असं मी सुचवून पाहिलं. आत्यानं शुक्राची आठवण पुन्हा करून दिली. लेक म्हणाली, "हाच. पण मागून उघडं कोंदण. मला उजेड आरपार दिसला पाहिजे." आत्याला मी फोन केला की तो खडा जमिनीतला नाहीच, कारखान्यातला आहे, मग रवी बाधतो का? आत्या चक्क विचारात पडली. ज्योतिषात त्याला काही फळ नाही, ना चांगलं ना वाईट, असा निकाल तिनं संध्याकाळी कळवला. म्हणजे हरकत नव्हती.

जुनं सोनं वितळवायला आईची परवानगी लागली. ती मिळायला आठवडा गेला. काकांनी मशिनवर तपासलं, शुद्धता ८७ टक्क्यांच्या आसपास आली. इतक्या वर्षांत दोनदा माप बदलताना दिलेल्या डागांचं मिश्रण त्यात होतं. वजन २.७ ग्रॅम. पावतीवरच्या तीन मासे एक गुंजेचे तीन ग्रॅम धरले तर उरलेलं सोनं आजीच्या कणकेत आणि भांड्यांत गेलं. त्यात थोडं नवं घालून ९१६ची अंगठी केली. खडा बसवायच्या आधी ती हॉलमार्क सेंटरला जाऊन आली. आतल्या बाजूला आता बीआयएसची शुद्धतेची खूण आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक आहे, भिंगाशिवाय दिसत नाही. खरचटलेली कड पुन्हा पॉलिश करू का, असं कारागिरानं विचारलं. लेक नको म्हणाली.

९ जुलैला अंगठी आणायला गेलो. काकांचा पुतण्या कॉम्प्युटरवर बिल करत होता. सोनं, घडणावळ, तीन टक्के जीएसटी, सगळं झालं आणि तो खड्यापाशी अडला. यादीत रुबी होतं, अमेरिकन डायमंड होतं, 'इतर' होतं.

"खडा गिऱ्हाइकाचा आहे, त्याचे पैसे लावायचे नाहीत, पण लिहावं तर लागेल," तो म्हणाला. "काय लिहू?"

काकांनी लेकीकडे बघितलं. ती अंगठी ट्यूबलाइटकडे धरून मागच्या बाजूनं आत बघत होती.

"तांबडा खडा १," ती म्हणाली.

कॉम्प्युटरनं ते घेतलं नाही, 'इतर'च छापलं. मग काकांनी खिशातलं पेन काढून बिलाच्या कोपऱ्यात हातानं लिहून दिलं.